दुखतंय किती? दहापैकी आकडा सांगा!

कोविडने आपल्या घराघरात एक आकडा पाठ करून घेतला. ९४. बोटाला तो छोटा चिमटा लावायचा आणि आकडा ९४ च्या खाली गेला की गाडी काढायची. ज्या आजीने आयुष्यात कधी शाळा पाहिली नाही, तिलाही तो आकडा कळायला लागला. सिलिंडर, कॉन्सन्ट्रेटर, फ्लोमीटर हे शब्द २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये मुक्ताईनगरच्या चहाच्या टपरीवर ऐकू यायचे. आपल्याच खान्देशातल्या नंदुरबार जिल्ह्याने २०२० मध्येच हवेतून ऑक्सिजन काढणारा प्लांट बसवायला घेतला होता, त्याचं देशभर कौतुक झालं. आणि २१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागली, तेव्हा ऑक्सिजन थोडा वेळ कमी पडला तर काय होतं हेही आपण पाहिलं. वीसहून जास्त जीव गेले.

म्हणजे श्वासाचा एक आकडा आपण शिकलो. दुसरा राहिलाय.

दुखण्याचा आकडा. शून्य ते दहा. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. छातीचं ऑपरेशन झालेल्या माणसासाठी हा आकडा ऑक्सिमीटरच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि तो विचारायची जबाबदारी आपली, म्हणजे घरात फाईल घेऊन डॉक्टरांच्या मागे धावणाऱ्या पोरापोरींची आहे.

प्लास्टिकचं फुप्फुस

आधी एक गंमत सांगते. आपल्याकडे केळीच्या घडाला स्कर्टिंग बॅग घालतात. रावेर, यावल, मुक्ताईनगर, कुठल्याही बागेत जा, पिशव्या घातलेले घड दिसतील. ती पिशवी बहुतेक वेळा पॉलिप्रोपिलीनची असते. याच पॉलिप्रोपिलीनच्या, केसापेक्षा थोड्या जाड, आतून पोकळ अशा हजारो नळ्या एका डबीत भरल्या की होतो ऑक्सिजनेटर. ओपन हार्ट ऑपरेशनमध्ये हार्ट-लंग मशीन लावतात ना, त्यातलं फुप्फुस म्हणजे ही डबी.

नळीच्या आतून ऑक्सिजन वाहतो, बाहेरून रक्त. मध्ये प्लास्टिकची पातळ भिंत. भिंतीला डोळ्याला न दिसणारी छिद्रं असतात. हे प्लास्टिक पाण्याला दूर ठेवतं, म्हणून रक्त आत शिरत नाही, पण वायू आरपार जातो. ऑक्सिजन रक्तात येतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. काळपट रक्त लालभडक होऊन शरीरात परत जातं. मोठ्या माणसासाठी वापरतात त्या डबीत या भिंतीचं एकूण क्षेत्रफळ साधारण दोन चौरस मीटर भरतं. आपल्या खऱ्या फुप्फुसात तेच काम करणारा पडदा पसरला तर सत्तर चौरस मीटरच्या आसपास होईल. एक छोटा फ्लॅटच म्हणा ना.

वायू वेगळे करणाऱ्या पडद्यांचा शोध तसा जुना आहे. थॉमस ग्रॅहम नावाच्या शास्त्रज्ञाने १८६६ मध्ये दाखवलं की रबराच्या पातळ पापुद्र्यातून नायट्रोजनपेक्षा ऑक्सिजन लवकर पार होतो. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, त्याने पडद्याच्या पलीकडे ४० टक्क्यांच्या आसपास नेऊन दाखवला. इथे छिद्रांचा प्रश्नच नाही. वायू पॉलिमरमध्ये विरघळतो, आतून सरकत जातो आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. ज्याला विरघळणं आणि सरकणं जास्त जमतं तो पुढे.

हेच तत्त्व वापरून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून, म्हणजे एनसीएलमधून निघालेल्या जेनरिच मेम्ब्रेन्स या स्टार्टअपने २०२० मध्ये कोविडच्या रुग्णांसाठी यंत्र तयार केलं. कॉम्प्रेसरने हवा दाबायची, पोकळ धाग्यांच्या पडद्यातून जाऊ द्यायची आणि ३५ ते ४० टक्के ऑक्सिजनवाली हवा नाकाच्या नळीने रुग्णाला द्यायची. केमिस्ट्री किंवा पॉलिमर शिकणाऱ्या आपल्यातल्या कुणाला वाटत असेल की या विषयात करिअर कुठंय, तर ते इथं आहे.

या सगळ्या यंत्रांचं मला मनापासून कौतुक वाटतं. ६ मे १९५३ ला अमेरिकेत डॉ. जॉन गिबन यांनी १८ वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं छिद्र बुजवलं, तेव्हा २६ मिनिटं तिचा श्वास आणि रक्ताभिसरण यंत्र सांभाळत होतं. त्या यंत्रात पडदा नव्हता, जाळीवरून रक्ताचा पातळ थर सोडायचे. पॉलिमरचे पडदे नंतर आले आणि काम कितीतरी सुरक्षित झालं. आपल्याकडे आज बरीच बायपास ऑपरेशनं धडधडत्या हृदयावरच करतात, तिथे हे मशीन लागत नाही. पण झडप बदलायची असेल, हृदय उघडून आत दुरुस्ती करायची असेल तर ते लागतं. आणि झडपेचा आजार फक्त म्हाताऱ्यांना होतो असंही नाही. लहानपणच्या संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेल्या आपल्या वयाच्या मुलीही ऑपरेशनच्या रांगेत असतात.

मशीन बंद झाल्यावर

आता मुद्द्याचं. ऑपरेशन होतं, मशीन बंद होतं, काही तासांनी घशातली नळी निघते. तिथून पुढचा प्रत्येक श्वास रुग्णाने स्वतः घ्यायचा असतो.

पाय मोडला तर प्लास्टर घालता येतं, पाय हलवायचाच नाही. छातीचं तसं नाही. आपण मिनिटाला पंधरा श्वास धरले तरी दिवसाला २१,६०० होतात. तितक्या वेळा बरगड्या वर-खाली होणार. छातीच्या मधलं हाड कापून स्टीलच्या तारांनी बांधलेलं असेल, किंवा दोन बरगड्यांमधून छाती उघडलेली असेल, तर तितक्या वेळा ती जखम हलणार. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने एक नस जाते. छाती उघडताना ती ताणली जाते, दाबली जाते. वर पाणी आणि हवा बाहेर काढायला छातीत घातलेली नळी. ती तर श्वासागणिक टोचते.

मग माणूस काय करतो? साधं आहे. श्वास छोटा घेतो. खोकला आला की दाबतो. कूस बदलत नाही. त्याला वाटतं, आपण जपतोय. पण छोट्या श्वासाने फुप्फुसाचा खालचा भाग उघडतच नाही, मिटून जातो. दाबलेल्या खोकल्याने कफ आतच राहतो. मिटलेल्या, कफ साचलेल्या फुप्फुसात न्यूमोनियाला आयतीच जागा मिळते. मग ऑक्सिजन वाढवा, पुन्हा आयसीयू, कधी पुन्हा व्हेंटिलेटर.

बघा, नाकाला ऑक्सिजनची नळी आहे, भिंतीतून शंभर टक्के ऑक्सिजन येतोय. पण तो फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचायला खोल श्वास हवा, आणि खोल श्वास दुखण्यामुळे अडलाय. दवाखान्यात तीन रंगीत गोळ्यांचं खेळणं देतात, स्पायरोमीटर. आत हवा ओढायची आणि गोळ्या वर उचलायच्या. पेशंटने एकच गोळी उचलली की आपण म्हणतो, "काका, जोर लावा ना!" जोर आहे त्यांच्याकडे, तेवढ्याने दुखतं म्हणून ते थांबतात.

ज्या चांगदेवांच्या नावाचं गाव आपल्या तालुक्यात तापी-पूर्णेच्या संगमावर आहे, ते श्वास रोखून चौदाशे वर्षं जगले अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. ते योग्याचं झालं. तुमच्या-आमच्या काकांनी ऑपरेशननंतर श्वास रोखला तर चौदा दिवसही महागात पडतात.

'आता दुखीनच नं भो!'

आपल्याकडे हे सगळं एका वाक्यात संपतं. "ऑपरेशन झालं म्हटल्यावर आता दुखीनच नं भो!" पेशंटही हेच म्हणतो, भेटायला आलेले सगळे हेच म्हणतात, आणि राऊंडला आलेले डॉक्टरही कधी कधी हसून मान डोलावतात. शेतात राबलेल्या माणसाला दुखणं सांगायची लाज वाटते. बाईमाणसाला तर "एवढं काय, बाळंतपणं काढली की" असं ऐकवलं जातं. सिस्टर विचारते, "कसं वाटतंय?" उत्तर ठरलेलं, "ठीक आहे." केसपेपरवर बीपी आहे, नाडी आहे, ऑक्सिजन आहे, ताप आहे. दुखण्याची जागा कोरी.

आणि हे दुखणं टाके निघाले की संपतं असंही नाही. बरगड्यांमधून छाती उघडलेल्या रुग्णांपैकी साधारण तिघांत एकाला, काही अभ्यासांत तर दोघांत एकाला, काही महिन्यांनंतरही त्या जागी दुखतं, जळजळतं, सदऱ्याचा स्पर्श सहन होत नाही. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत ज्यांना खूप दुखतं, त्यांच्यात हा धोका जास्त दिसतो. आता केळीचा वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर घेणाऱ्या माणसाचा विचार करा. हाड जुळेपर्यंत काही आठवडे वजन उचलायचं नाही हे त्याने पाळलंही. पण सहा महिन्यांनीही खांद्याखाली आग होत असेल तर मजुरी कशी करणार? त्या घरासाठी हा पोटाचा प्रश्न आहे.

ऑपरेशन करण्यात महाराष्ट्र कधी मागे नव्हता. देशातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण डॉ. पी. के. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये केलं. आज महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेमुळे, जिची सुरुवात २०१२ मध्ये वेगळ्या नावाने झाली, हृदयाची मोठी ऑपरेशनं गरीब घरांच्या आवाक्यात आली. ही मोठी गोष्ट आहे. पण ऑपरेशन फुकट झालं म्हणून पेशंटने गप्प पडून दुखणं सोसावं, हा त्याचा अर्थ नाही.

उपाय आहेत, स्वस्तही आहेत

दुखणं कमी करायला अवाढव्य मशीन लागत नाही. पाठीच्या कण्याजवळ, बरगडीकडे जाणाऱ्या नसा जिथून निघतात तिथे, बधिर करणारं औषध देता येतं. त्याला ब्लॉक म्हणतात. तिथे बारीक नळी ठेवली तर दोन-तीन दिवस औषध देत राहता येतं. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये रक्त पातळ करणारी औषधं असतात, त्यामुळे मणक्याच्या आत, म्हणजे एपिड्युरल द्यायला डॉक्टर कचरतात आणि ते बरोबरच आहे. पण २०१६ मध्ये पाठीच्या स्नायूखाली औषध सोडायची एक नवी पद्धत प्रसिद्ध झाली, इरेक्टर स्पायनी ब्लॉक. सोनोग्राफीवर बघत सुई घालायची, मणक्याच्या आत जायचंच नाही. जगभरचे भूलतज्ज्ञ ती आता वापरतात. जोडीला वेळेवर पॅरासिटामॉल, गरजेपुरतं मॉर्फिनच्या जातीचं औषध, आणि खोकताना छातीशी घट्ट धरायला एक उशी. हो, साधी उशी. छातीला आधार मिळाला की खोकताना कमी दुखतं.

बधिर करणारी ही औषधं महागडी नाहीत. महाग आहे तो भूलतज्ज्ञाचा वेळ आणि सिस्टरचं लक्ष. एका सिस्टरकडे वॉर्डातले ढीगभर पेशंट असतील तर दर चार तासांनी आकडा विचारणार कोण? म्हणून हा प्रश्न नुसत्या औषधाचा नाही, माणसं नेमण्याचाही आहे. ऑक्सिजन प्लांटसाठी आपण लोकप्रतिनिधींना जाब विचारला ना? मग दुखण्याची नोंद ठेवायला वॉर्डात पुरेशा सिस्टर का नाहीत, हेही विचारू.

'सवय लागेल'चं काय?

इथे दोन शंका हमखास येतात आणि दोन्ही चुकीच्या नाहीत.

पहिली, "त्या औषधांची सवय लागते." अमेरिकेत तसं झालंच. १९९० च्या दशकात तिथे दुखण्याकडे लक्ष द्या अशी मोहीम निघाली, कंपन्यांनी त्यावर स्वार होऊन अफूजन्य गोळ्या घरोघरी पोचवल्या, आणि लाखो लोक व्यसनात अडकले. हा धडा विसरायचा नाही. पण महिनोनमहिने घरी गोळ्यांचा डबा देणं वेगळं आणि ऑपरेशननंतर दोन-चार दिवस वॉर्डात, डोळ्यांसमोर, मोजून औषध देणं वेगळं. आपली अडचण अमेरिकेच्या उलट आहे. मध्य प्रदेशात मंदसौर-नीमच भागात सरकारी परवान्याने अफूची शेती होते, नीमचला सरकारी कारखाना आहे, आणि आपल्याच देशात ज्यांना मॉर्फिनची खरी गरज त्यांच्यापर्यंत ते पोचताना मारामार होते. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती करून काही औषधांचे नियम सोपे केले, त्यात मॉर्फिनही आलं. कायदा बदलला, भीती बदललेली नाही. शिवाय ब्लॉकचा फायदाच हा की अफूजन्य औषध कमी लागतं.

दुसरी शंका, "पेनकिलरने किडनी जाते." हीही खरी भीती आहे, आणि म्हणूनच मेडिकलवरून आपल्या मनाने पेनकिलर आणून पेशंटला देऊ नका. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या बायपासच्या आसपास देऊ नयेत असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ पासून त्यांच्या माहितीपत्रकावर छापायला लावलाय. दुखतंय म्हणून गुपचूप गोळी देणं आणि दुखतंय म्हणून गप्प बसणं, दोन्ही धोक्याचं. तिसरा रस्ता आहे, डॉक्टरांना सांगण्याचा.

फाईल कुणाच्या हातात?

हे सगळं युवा पानावर का लिहितेय? कारण घरात कुणाचंही ऑपरेशन ठरलं की फाईल आपल्या हातात येते. योजनेची कागदपत्रं, आधार, रेशनकार्ड, रक्ताची सोय, जळगावची, नाशिकची नाहीतर मुंबईची गाडी, सगळं आपणच बघतो. डॉक्टरांशी बोलायला घरचे आपल्यालाच पुढे करतात, "तू शिकलेली आहेस, तू विचार." मग विचारूच.

ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ भेटायला येतात. बहुतेक वेळा आपण फक्त सही करतो. त्या पाच मिनिटांत चार गोष्टी विचारा. ऑपरेशननंतर दुखणं कमी ठेवायला काय करणार आहात? ब्लॉक देता येईल का, नसेल तर का नाही? रात्री दोनला जास्त दुखलं तर कुणाला सांगायचं? आणि घरी सोडताना कोणती गोळी, किती दिवस? आवाज चढवायची गरज नाही. नम्रपणे विचारलेल्या प्रश्नाला बरेच डॉक्टर नीट उत्तर देतात, आणि ज्यांना हे विचारलंच जात नव्हतं त्यांनाही बरं वाटतं.

ऑपरेशननंतर वॉर्डात "कसं वाटतंय?" विचारू नका. "दहापैकी किती?" विचारा. नुसतं पडून असताना किती, आणि खोकल्यावर किती, असे दोन आकडे घ्या. पडून असताना दोन आणि खोकल्यावर आठ असेल, तर खरा आकडा आठ. मोबाईलच्या नोट्समध्ये वेळ टाकून लिहा आणि राऊंडच्या वेळी दाखवा. "फार दुखतंय हो" याला उत्तर मिळतं, "होईल कमी." "काल रात्रीपासून खोकल्यावर आठ आहे, एकच गोळी उचलतात" याला उत्तर द्यावंच लागतं. आकड्याला टाळता येत नाही, हे आपण ऑक्सिमीटरच्या वेळी पाहिलंय.

एक काळजी मात्र घ्या. दुखणं अचानक वाढलं, दम लागला, ताप आला, जखमेतून पाणी आलं किंवा छातीचं हाड हलल्यासारखं, कटकट वाजल्यासारखं वाटलं, तर आकडा लिहीत बसू नका, लगेच डॉक्टरांना गाठा. मुक्ताईनगरहून जळगाव साठेक किलोमीटर आहे. तो वेळ धरूनच निर्णय घ्या.

आणि नर्सिंगला, फार्मसीला, मेडिकलला असलेल्या मित्रमैत्रिणींनो, उद्या ती कोरी जागा तुमच्यासमोर येणार आहे. बीपीच्या शेजारी दुखण्याचा आकडा लिहायला अर्धं मिनिट लागतं. तो लिहा. लिहिलेल्या आकड्यावर कुणाला तरी काहीतरी करावं लागतं.

आपल्या आधीच्या पिढीने सोसणं हाच गुण मानला, कारण सोसण्यावाचून दुसरा पर्याय नव्हता. आता आहे. तेव्हा घरात पुढचं ऑपरेशन होईल त्या दिवशी नारळ, केळी, रिपोर्टची फाईल यांच्यासोबत एक उशी आणि हा एक प्रश्न घेऊन जा. दहापैकी किती?